घोड्यावरचा साहेब आणि वडिलांची ओळ

वैभववाडीच्या वर, घाटाच्या पायथ्याला, धरणाच्या काठावर एक भव्य हॉटेल आहे. बाहेरचे त्याला लेक रिसॉर्ट म्हणतात, आम्ही धरणावरचं हॉटेल म्हणतो. बुरूज, कमान, दारात पितळी तोफ. तोफ मालकांनी कोल्हापुरातून आणवली. या हॉटेलचा इतिहास मी लिहिला आहे. शाळेत इतिहास शिकवते, त्यामुळे हे पाप माझ्याच वाट्याला येणार होतं.

खरा इतिहास चार ओळींचा. मी चौथीत असताना धरणाचं काम सुरू झालं. इंजिनिअर लोकांसाठी पत्र्याची शेड उभी राहिली आणि तिथे माझे वडील जेवण करू लागले. धरण झालं, इंजिनिअर गेले, वडील राहिले. पाणी बघायला येणाऱ्यांना ते कोंबडी-वडे करून घालत. लोक पाणी विसरले आणि जेवणासाठीच येऊ लागले, तेव्हा कुठे मूळच्या कसालच्या, पण मुंबईत मोठ्या झालेल्या मालकांना इथे हॉटेल सुचलं. शेड पडली. वडील पुढे वीस वर्षं त्याच जागी रांधत राहिले.

गेल्या वर्षी लॉबी नवी केली आणि तिथे भिंतभर इतिहास लावायचं ठरलं. वडिलांनी एवढंच विचारलं, "माजी एक ओळ येतली मां, बाय?" ऐंशी ओलांडलेल्या माणसाने माझ्याकडे आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं होतं. मी छातीठोकपणे हो म्हटलं.

मालकांनी माझा कागद वाचला. "मॅडम, छान आहे. पण इतिहास जरा जुना करा ना."

केला जुना. एक इंग्रज साहेब आणला, त्याला घोडा दिला. साहेबाला इथली हवा मानवली आणि त्याने तळ्याकाठी बंगला बांधला. ते तळं म्हणजे धरणाचंच पाणी, माझ्याहूनही वयाने लहान, हे मालकांच्या लक्षात आलं नाही, आणि मी आणून दिलं नाही. वडिलांची ओळ मी शेवटी ठेवली होती. भिंतीवर छापून आलं तेव्हा त्या ओळीच्या जागी घोड्याचं चित्र होतं. मी भांडायला हवं होतं. पण मालकांनी शाळेला संगणक कबूल केले होते.

उद्घाटनाला गाऱ्हाणं झालं. आमच्याकडे देवाला सांगितल्याशिवाय काही सुरू होत नाही. एकजण देवाशी मोठ्याने बोलतो, बाकीचे प्रत्येक वाक्याला होकार देतात. गाऱ्हाणं घालणाऱ्या गावकाराने मुद्दे माझ्याकडूनच नेले होते.

"बा देवा म्हाराजा, साहेब घोड्यार बसान हयसर इलो..."

"व्हय म्हाराजा!"

"तेणी ह्या तळ्याच्या काठार बंगलो बांधल्यान..."

"व्हय म्हाराजा!"

म्हणणारे कोण, तर ज्यांनी धरणाला दगड वाहिले तेच! गाऱ्हाण्यात नाही म्हणायची पद्धतच नाही. मला हसू आवरेना. तेवढ्यात मागून वडिलांचा आवाज आला, सगळ्यांत खणखणीत. हात जोडलेले, डोळे मिटलेले. भिंतीवर आपली ओळ आहे या खात्रीवर त्यांनी साहेबालाही मोठ्या मनाने सामावून घेतलं होतं.

पाहुणे जेवायला गेल्यावर ते भिंतीपाशी आले. मोतीबिंदूमुळे त्यांना अक्षर लागत नाही.

"माजी खंयची? वाच बगया."

मी घोड्याच्या पोटावर बोट ठेवलं, वडिलांचं पूर्ण नाव घेतलं आणि वाचलं, "यांनी इथली पहिली चूल पेटवली. यांच्या हातच्या जेवणासाठी माणसं घाट उतरून येत."

ते भिंतीकडे बघत राहिले. "परत वाच."

मी लिहिलेली मूळ ओळ त्या घटकेला मला आठवेना, आणि आत्ताच रचलेलीही तशीच्या तशी येईना. दुसऱ्या वेळी चूल गेली, शेड आली. घाट राहूनच गेला. मुलांना तारखा चुकल्या म्हणून उभं करणारी मी, स्वतःच्याच ओळीत अडखळले.

वडिलांनी माझं बोट हळूच भिंतीवरून काढून आपल्या हातात घेतलं.

"बरा लिवलंस. चल, घराक जावया."