साड्यांमागची बरणी

तरुणपणी अब्बासियात मी घरी द्राक्षाची वाइन करायचे. आखातातल्या या देशात दारूला बंदी, आणि आमची हुशारी अशी, की पहिल्याच खेपेला पाण्याच्या मोठ्या बाटलीचं झाकण गच्च आवळलं. बाटली फुटली. शेजारीण धावत आली, तर मी जांभळ्या पावलांनी दारात उभी! म्हटलं, "कोकम सरबत सांडलं हो!"

चव हे बघायचे. चमचाभर जिभेवर घोळवून म्हणायचे, "अजून चार दिवस, बाईसाहेब." लेक शाळेत जायला लागला, तशी तिथे काही बोलून जाईल या भीतीने सोडूनच दिली.

हे गेल्यावर लेकाने मला महबूल्यात त्याच्या घरी आणलं. दिवस सरता सरेना. शेवटी कपाटात साड्यांमागे पुन्हा एक बरणी भरली. झाकण या वेळी सैल ठेवलं. चाळीस वर्षांत तेवढी अक्कल आली. रोज बरणीला कान लावून बुडबुडे ऐकायचे. दिवसभरात माझ्याशी तेवढंच बोलायचं.

काल लेकाला वास आला.

"आई, कुणी तक्रार केली तर माझा इकामा जाईल, देशातून हाकलतील. पोरींना घेऊन कुठे जाऊ मी?"

"ओतून टाक. पण आधी चाखून सांग, झाली का? मला कधीच कळायचं नाही रे."

"वेड लागलंय का तुला?"

"हो. चाख."

त्याने चमचा तोंडात घातला, नाक मुरडलं. "अजून चार दिवस," म्हणाला, आणि बरणी उचलून बाथरूममध्ये गेला.

मी मागे गेले नाही. साड्यांमागच्या रिकाम्या कोपऱ्याला कान लावून बसले.