दुसऱ्या रेघेची वाट

पट्टीताई शेंगदाणा कधी सबंध तोंडात टाकत नसत. कोणाच्याही घरी पोहे समोर आले की त्या दाणे ताटलीच्या कडेला घेत, एकेक दाणा नखाने फोडून आत बघत, नाकाशी नेत आणि मगच खात. खोडाळ्याच्या बाजूला आमच्या पाड्यावर त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा बायका तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. ताईंना त्याचे काही वाटले नाही. "मी भित्री आहे," त्या म्हणाल्या. "भित्री आहे म्हणूनच या कामाला लागले."

त्या जव्हारला एका संस्थेत नोकरीला होत्या. दाण्याला, मक्याला बुरशी लागली की त्यात विष तयार होते. ते आहे का, हे त्या गावोगाव फिरून जागच्या जागी तपासत. एरवी नमुना शहरात पाठवायचा, आणि उत्तर येईपर्यंत माल खाऊन संपायचा. ताईंच्या पेटीत छोटा मिक्सर, बाटल्या आणि कागदी पट्ट्या असत. दाणे दळायचे, स्पिरिटसारख्या वासाच्या पाण्यात घुसळायचे, गाळायचे आणि त्यात पट्टी उभी करायची. थोड्या वेळाने दोन रेघा उमटल्या तर माल चांगला. वरची एकटीच उमटली तर विष हद्दीबाहेर. दोन रेघांची पट्टी आमच्या बायकांना ठाऊक होती ती वेगळ्याच कामाची, त्यामुळे त्यावरही पुष्कळ हसणे झाले. पट्टीताई हे नाव त्यातूनच पडले.

वरचे मूठभर दाणे घेऊन त्यांचे कधी भागत नसे. पोते पालथे घालायला लावत. तळातून, कोपऱ्यातून, मधून थोडे थोडे उचलत आणि सगळे एकत्र कालवत. आमच्या बचत गटाच्या प्रमुख ठकीआजी याला फार वैतागत. शितावरून भाताची परीक्षा होते, मग तुला अख्खे पोते कशाला लागते, असे त्यांचे म्हणणे. "भाताची होते, आजी," ताई म्हणत. "सगळा भात एकाच पाण्यात शिजतो. बुरशी मात्र एका कोपऱ्यात जाऊन बसते."

मी तिथली अंगणवाडी सेविका. गटाच्या बायका दाण्यागुळाचे लाडू वळत आणि आमची पोरे ते खात. माझी सुमनही त्यातच होती, तेव्हा जेमतेम चार वर्षांची. त्या साली दिवाळीनंतर अवकाळी पाऊस झाला आणि गटाच्या खोलीचे छप्पर गळले. पोती वरून भिजली, पुढे उन्हात सुकली. दाणे दिसायला चांगले दिसत होते. बायकांनी ते भाजले, कुटले आणि लाडू वळले.

ताई आल्या त्या सकाळी दोन पोरांना उलट्या झाल्या होत्या. त्यातली एक सुमन. थंडी बाधली असेल असे मी धरून चालले होते आणि बोलता बोलता तसे ताईंना सांगितलेही. त्यांचा चेहरा उतरला. लाडू कोणत्या पोत्यातले, एवढेच त्यांनी विचारले आणि पेटी उघडली.

गटाच्या खोलीत ताईंनी पट्टी पाण्यात उभी केली. वरची रेघ उमटली. तिच्याखाली पांढरेच राहिले. "येईल अजून," कोणीतरी म्हणाले. आम्ही सगळ्या त्या पांढऱ्या जागेकडे बघत राहिलो. मला तर एकदा तिथे रेघ दिसलीसुद्धा. डोळे पुसून पाहिले तर काही नव्हते. ताईंनी नवे दाणे घेऊन पुन्हा सगळे केले. पुन्हा तेच.

"आम्ही जन्मभर असलेच दाणे खाल्ले, बाय. काय नाय होत," ठकीआजी म्हणाल्या आणि त्यांनी मूठ तोंडाकडे नेली. ताईंनी त्यांचे मनगट पकडले.

"आजी, माझा धाकटा भाऊ पाच वर्षांचा होता. घरात भिजलेला मका होता, आम्ही सगळ्यांनी तोच खाल्ला. त्याचे डोळे पिवळे झाले, पोट फुगलं आणि तो गेला. मक्यानेच गेला असं मी म्हणत नाही. कोणी तपासलंच नाही. माझी आई अजून विचारते, मी काय सांगू तिला?"

आजींनी मूठ सोडली. दाणे जमिनीवर पडले, ते कोणी उचलले नाहीत.

दुपारी जीप मिळाली तशी आम्ही जव्हारला निघालो. दुसरे पोर आणि त्याची आई मागे, सुमन माझ्या मांडीवर, शेजारी ताई. घाटाच्या प्रत्येक वळणावर ताई हळूच सुमनच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघत, आणि त्यांनी बघितले की मी बघे. ऊन कलले होते. त्या उन्हात मला तिचे डोळे पिवळे दिसत, नखे पिवळी दिसत, माझा स्वतःचा हातही पिवळा दिसे. ताईंना विचारायची हिंमत होत नव्हती. त्यांच्या तोंडून "हो" आले असते तर मी काय करणार होते?

दवाखान्यात डॉक्टरांनी सगळे ऐकून घेतले, दोन्ही पोरांचे रक्त तपासायला घेतले आणि पोरांना तिथेच ठेवून घेतले. ताई घरी गेल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. यकृताला काही झालेले नव्हते. उलट्या लाडवांमुळे की आणखी कशाने, ते डॉक्टरांनाही ठाम सांगता येईना. ते खाणे बंद करा आणि काही महिन्यांनी पुन्हा दाखवायला आणा, एवढे ते म्हणाले. दुसऱ्या पोराची आई मोठ्याने रडली. मला रडूही आले नाही.

परत आल्यावर पोत्यांचा प्रश्न उभा राहिला. गाईला घालू, असे एकीने सुचवले. ते विष दुधातून पोरांच्याच पोटात येईल, असे ताईंनी समजावले. मग ठकीआजी उठल्या आणि त्यांनी कुदळ हातात घेतली. लांब माळावर खोल खड्डा खणून आम्ही सगळी पोती पुरली.

पुढच्या वर्षी ताईंची बदली झाली. खोडाळ्याच्या स्टँडवर मी त्यांना सोडायला गेले होते. एसटी लागली, त्या चढायला निघाल्या, तेव्हा इतके दिवस मनात धरलेले मी विचारले: सुमनला पुढे कधी काही होईल का? वाटले होते, निरोपाची वेळ आहे, बाई धीर देतील.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "तपासत राहा. मलाही भीती वाटते, मंगलताई."

मला त्यांचा फार राग आला. एसटी सुटली तरी मी हात वर केला नाही.

सुमन आता जव्हारला शाळेत आहे. अंगाने बरी आहे, उंच झाली आहे. ताईंचा मधूनमधून फोन येतो. माझी खुशाली त्या आधी विचारत नाहीत. सुमन नीट जेवते का, हा पहिला प्रश्न. जेवते म्हटले की पलीकडे त्यांनी सोडलेला श्वास ऐकू येतो. माझ्या मुलीसाठी असा श्वास धरून बसणारे माझ्याशिवाय आणखी कोणीतरी आहे, एवढ्यावर मला त्या दिवशी झोप लागते.