उजेड मास्तर

मास्तरांनी पहिल्या दिवशी आमच्यापैकी एकाच्याही तोंडाकडे पाहिलं नाही. आम्ही बारा जवान कवायतीला उभे राहावं तसे रांगेत उभे होतो आणि ते या टोकापासून त्या टोकापर्यंत फक्त हात पाहत आले. माझ्यापाशी थांबले. माझ्या डाव्या हाताला अंगठा आणि तर्जनी एवढंच उरलं होतं. बाकीची तीन बोटं चीनच्या लढाईत बर्फानं नेली होती. मास्तरांनी माझी सगळी बोटं मोजली. "सात आहेत," ते म्हणाले. "दहा बोटांनी घाण काम करणारे मी खूप पाहिलेत." आणि पुढच्या हातांकडे गेले.

बंगळूरच्या त्या यंत्रकारखान्याचा युरोपातल्या एका कंपनीशी करार होता. यंत्रं, नकाशे आणि एक साहेब त्यांचे. जमीन, इमारत आणि माणसं आपली. लढाई संपल्यावर कुणाला तरी सुचलं, की देश सावरायचा तर यंत्रं बनवायला हवीत आणि जायबंदी जवानांनाही सावरायला हवं, तर दोन्ही कामं एकाच छपराखाली उरकावीत. म्हणून कारखान्याच्या प्रशिक्षण शाळेत आमचा वर्ग निघाला. सहा महिने शिकायचं. पास होईल तो मशीन शॉपमध्ये लेथवर; नापास होईल त्यालाही वाऱ्यावर सोडणार नव्हते, त्याला फाटकावर पहारेकरी म्हणून घेणार होते. वडिलांनी खानापुराहून लिहिलं, की फाटकाची नोकरी चांगली, बसायला स्टूल असतं. मी चोवीस वर्षांचा होतो. मला स्टूल नको होतं, मशीन हवं होतं.

पण मास्तर मशीनजवळ जाऊ देतील तर ना. आधी एक लोखंडी ठोकळा आणि एक कानस. ठोकळ्याच्या सगळ्या बाजू काटकोनात घासायच्या आणि तो मास्तरांकडे न्यायचा. ते ठोकळ्याला काटकोन तपासायचा गुण्या लावून खिडकीसमोर धरत, एक डोळा मिटत, आणि गुण्या नि लोखंड यांच्यामध्ये केसाएवढी जरी फट दिसली तरी म्हणत, "उजेड येतोय." ठोकळा परत. आम्ही त्यांचं नाव उजेड मास्तर ठेवलं. त्यांना ते कळलं होतं आणि त्यात त्यांना काही गैर दिसलं नाही.

त्यांचं घराणं तीनेकशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर दक्षिणेत उतरलेलं. फौज परत गेली, हे बंगळुरातल्या चिकपेटेत राहिले. घरात मराठी, पण तिच्यात कन्नड इतकं मुरलेलं, की कुठलं काय ते त्यांनाही सांगता आलं नसतं. अठरा वर्षांच्या पोरालाही ते अण्णा म्हणत. "अण्णा, स्वल्प अजून घासा. तो कोपरा तुमच्यावर रागावलाय." काम जमलं तर "सरी" म्हणत, त्याहून मोठी पदवी त्यांच्याकडे नव्हती. माझी बेळगावकडची मराठी ऐकून एकदा म्हणाले, "तुमची मराठी लढायला बरी. घरात जड होईल."

करारानुसार त्यांनाही सहा महिने त्या कंपनीच्या देशात पाठवलं होतं. लोक तिथून घड्याळं आणत, मास्तर तक्रार घेऊन आले. 'तिथं खिडक्या मोठ्या आहेत' एवढंच त्यांनी अहवालात लिहिलं म्हणतात. मग वर्षभर ऑफिसच्या मागे लागून त्यांनी शाळेची उत्तरेकडची भिंत फोडून घेतली. त्या देशाबद्दल आणखी विचारलं तर सांगत, "बटाटे उकडतात, आणि खातात." साहेबाची नि त्यांची भाषा एक नव्हती. दोघं ठोकळा खिडकीशी धरून आळीपाळीनं डोळा मिटत आणि मान हलवत. करारातलं एवढं एकच कलम सुरळीत चाललं असावं.

आमचा वर्ग पाहायला पाहुणे फार येत. हार घालत, फोटो काढत. एकदा कुठल्याशा समितीच्या बाई आल्या. माझा ठोकळा हातात घेतला आणि त्यांचे डोळे भरून आले. "काय सुंदर केलंय या हातांनी," त्या म्हणाल्या.

"टाकाऊ आहे तो, अक्का," मास्तर म्हणाले. "कागदांवर ठेवायला चालेल. घेऊन जा."

बाई खरंच घेऊन गेल्या. माझं डोकं फिरलं. पाहुण्यांची पाठ वळल्यावर मी म्हणालो, "मास्तर, आम्ही कुठून आलोय ते तरी बघा."

कानशीतला कीस ब्रशनं झाडत ते म्हणाले, "तुम्ही लढलात हे मला माहीत आहे, अण्णा. लोखंडाला कुणी सांगितलेलं नाही."

परीक्षेला त्यांनी माझा ठोकळा फार वेळ खिडकीशी धरला. मग म्हणाले, उजेड येतोय. बारांतले अकरा पास झाले. ऑफिसचे सुपरिंटेंडेंट स्वतः आले आणि म्हणाले, जवान माणूस आहे, करून टाका सही, केसाएवढ्यानं काय बिघडतं. "मग तुम्हीच करा, सर," मास्तर म्हणाले. "खाली लिहा, की तुम्हाला दिसत नाही." सुपरिंटेंडेंटांनी सही केली नाही. मी फाटकावर गेलो. वडिलांना आनंद झाला.

त्या दिवसांत मी मास्तरांचा मनापासून द्वेष केला. रोज सकाळी ते सायकलवरून येत. नियमाप्रमाणे मी सलाम ठोकी. ते खाली उतरत, सलाम घेत, माझ्या डाव्या हाताकडे पाहत आणि आत जात. मला वाटे, हा माणूस जखमेवर मीठ चोळायलाच उतरतो.

दोन महिन्यांनी एका सकाळी त्यांनी सायकल भिंतीला टेकवली आणि पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली वस्तू काढली. सागवानी मूठ होती. कानशीच्या पुढच्या टोकावर बसणारी, अंगठा आणि तर्जनीत धरून तळहातानं दाबायची.

"तुमच्या प्रत्येक ठोकळ्याचा डावा कोपराच उतरायचा," ते म्हणाले. "कानशीचं टोक दाबून धरायला तुम्हाला बोटं नाहीत. मी सहा महिने ठोकळा बघत बसलो, धरणं बघितलं नाही. तप्पु माझं. चूक माझी आहे."

मी पुन्हा सलाम केला.

महिनाभर मी पहारा संपला की शाळेत जाऊन घासत होतो. पुन्हा परीक्षा झाली. या खेपेला मास्तर "सरी" म्हणाले. साहेबानं त्या मुठीचा नकाशा काढून घेतला आणि आपल्या देशात पाठवला. करारात तंत्र इकडून तिकडे जाण्याची सोयच नव्हती, त्यामुळे तो कागद कुठल्या फायलीत लावायचा हे ऑफिसला बरेच दिवस कळलं नाही.

अडचण एकच राहिली. बाकीच्या अकरांचे हात शाबूत होते, पण नियमाप्रमाणे हात धड नसलेल्याला मशीन देता येत नव्हतं. कुणीतरी लेखी जबाबदारी घ्यायला हवी होती. मास्तरांच्या निवृत्तीला वर्ष उरलं होतं. मला इजा झाली असती तर ते वर्ष त्यांना चौकशीत काढावं लागलं असतं. त्यांनी सही केली, तारीख घातली आणि पेन परत केलं.

पहिले सात दिवस ते सकाळी मशीन शॉपमध्ये येऊन माझ्या लेथजवळ उभे राहिले. मशीनला हात लावला नाही. हात मागे बांधून नुसते उभे. मला धीर वाटायचा, आणि तो वाटतो याची लाजही वाटायची.

मास्तर निवृत्तीनंतर तीन वर्षांनी गेले. मी चिकपेटेतल्या घरी पोचलो तेव्हा गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. सगळे त्यांचे किस्से सांगत होते. माझ्या डोक्यात तो आठवा दिवस होता.

आठव्या दिवशी ते आले नाहीत. मी मशीन चालवत होतो, लक्ष दाराकडे. शेवटी आजारी आहेत की काय, म्हणून मशीन बंद करून शाळेत गेलो. ते फळ्यावर काहीतरी काढत होते.

"काय पाहिजे, अण्णा?"

"आज तुम्ही आला नाहीत."

"कुठं?"

"माझ्या मशीनवर."

"तिथं कामगार आहे ना," मास्तर म्हणाले. "मग मास्तर कशाला?" आणि फळ्याकडे वळले.

मी परत आलो. शॉपच्या दाराबाहेर थांबून डोळे पुसले, कारण आत सगळे बघत होते, आणि मग जाऊन मशीन सुरू केलं.