मंचाच्या तीन पायऱ्या

लोइस आत्याला कशाचंही कुतूहल. तारोच्या कंदांच्या मळ्यात विमान डोक्यावरून गेलं तरी कुदळ टाकून विचारणार, "ते वळताना एका बाजूला का कलतं रे?"

दर शनिवारी ती प्रार्थनामंदिरातला प्रवचनाचा उंच मंच घासते, वर जास्वंदीची फुलं ठेवते. तेव्हा खाली पुरुष नसतात, म्हणून तिला चढता येतं. रविवारी नाही. आमच्या मलाइता बेटावर बाई पुरुषांच्या डोक्यांहून उंच जागी उभी राहत नाही. जुने देव गेले, पण हा नियम मंडळीबरोबर आत येऊन बाकावर बसला.

यंदा महिला-रविवारचं प्रवचन पाळकांनी आत्याला दिलं. गावातल्या निम्म्या बायकांना शुभवर्तमान वाचायला तिनेच शिकवलंय. तिला एकदाच, पण मंचावरून बोलायचं होतं.

माझे बाबा तिचे थोरले भाऊ, आणि मंडळीच्या पंचांत मुख्य. "बोल की, नको कोण म्हणतंय?" ते म्हणाले. "पण खाली उभी राहून."

"येशू कबरीतून उठल्याची बातमी आधी कुणाला कळली, दादा?"

"बायकांना. गावातलीही कुठली बातमी तुम्हाला आधी कळत नाही?"

मी सौरऊर्जेवरचा ध्वनिक्षेपक बसवत होतो. आत्या शेजारी येऊन बसली.

"कर्णा एवढा वर कशाला?"

"उंचावरून आवाज लांब जातो, आत्या."

"म्हणजे माझा आवाज तुझ्या बाबांच्या डोक्यावरून येणार?"

"हो."

"आवाजाला चालतं वाटतं!" मग तिने माइकच्या बटणावर बोट फिरवत विचारलं, "आणि हा बंद कसा होतो?"

रविवारी ती माइक घेऊन खालीच उभी राहिली. कबरीवरचा दगड सरकलेला, घाबरलेल्या बायका पळत सुटलेल्या. मंडळी अगदी गप्प होऊन ऐकत होती. "त्यांनी पुरुषांना सांगितलं, तेव्हा ते पुरुष..."

आवाज गेला. नुसते ओठ हलत राहिले.

बाबांना तसं कमीच ऐकू येतं. पहिल्या बाकावरून ते ओरडले, "काय म्हणाले पुरुष? मोठ्याने बोल!"

आत्याने गळ्याला हात लावून दाखवला. "घसा बसलाय, दादा."

"मग वर जाऊन बोल ना!"

आत्या एक पायरी चढली. "आता येतंय?"

"नाही."

दुसरी. "आता?"

बायकांच्या बाजूला कुणीतरी खुदकन हसलं. आपण काय बोलून बसलो, हे बाबांना तेव्हा उमगलं. ते स्वतःच्या पायांकडे बघू लागले. मग बाबा मान वर न करता म्हणाले, "अजून एक चढ."

आत्या चढली. "पुरुषांना ती बडबड वाटली," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "पण एकजण उठून कबर बघायला धावला."

आता बाबा मान वर करून ऐकत होते.

प्रार्थना संपल्यावर मी माइक तपासला. बॅटरी भरलेली, तार ठीक. बटण बंद होतं.

"बोट लागलं असेल," फुलं सारखी करत आत्या म्हणाली. "चालू कसं करायचं, तेही दाखवून ठेव."