होडीचा हिरवा

दुपारचं जेवण झालं की मी खिडकीचा पडदा ओढून कामाला बसते. रत्नागिरीत माझं फोटोंचं छोटंसं काम आहे. लग्नाचे अल्बम, आंब्याच्या पेट्यांवरची चित्रं, हॉटेलवाल्यांना हवे असतात तसे समुद्र. फोटो काढण्यात जेवढा वेळ जातो त्याच्या कितीतरी पट जास्त ते संगणकावर नीट करण्यात जातो. खोलीच्या भिंती मी मुद्दाम करड्या रंगवून घेतल्यात, कारण रंगीत भिंत डोळ्यांत उतरते आणि मग स्क्रीनवरचा रंग खोटा वाटू लागतो. त्या करड्या खोलीत बराच वेळ बसलं की बाहेरचं जग पाण्याखाली गेल्यासारखं लांब जातं. कुठेतरी कुणी नारळ सोलत असतं, चढावर रिक्षा धापा टाकत असते, आणि माझ्यासमोर एखाद्या नवरीच्या शालूचा लाल हळूहळू खरा होत असतो.

अशाच एका दुपारी कतारहून फोन आला.

"ताई, ओळखलंत का? माझ्या निकाहचे फोटो तुम्ही काढले होते. खाडीवरचं घर."

ओळखलं. त्याचे वडील तांडेल होते, मासेमारीची स्वतःची होडी असलेले. लग्नाच्या दिवशी नव्या शेरवानीत अवघडून उभे होते, आणि जवळजवळ प्रत्येक फोटोत त्यांची नजर कॅमेऱ्याकडे नसून बाजूला, पाण्याकडे होती. अल्बम लावताना मी त्यावर वैतागले होते. ते गेल्याचं मला मागेच कळलं होतं.

"अब्बांची होडी आता मोडायची आहे," तो म्हणाला. "फळ्या कुजल्यात. अम्मी एकटीच असते तिकडे, तिला कुठे जमणार तिची देखभाल. मोडायच्या आधी एक चांगला फोटो काढाल का? मला इथे खोलीत लावायचाय, भिंतभर." मग जरा थांबून म्हणाला, "आणि ताई, रंग तसाच आला पाहिजे. तिचा हिरवा."

"येईल की," मी म्हटलं. त्यात काय अवघड आहे, असं तेव्हा वाटलं होतं.

थंडी सरत आली होती. मी स्कूटर घेऊन खाडीकडे गेले. सुरूच्या झाडांखाली पुळणीच्या वाळूत होडी एका कुशीवर कलली होती. शेजारी स्टुलावर त्याची आई बसली होती, डोक्यावर ओढणी घेऊन. मी तिला चाची म्हणायचे. माझी तयारी होईपर्यंत तिने होडीत पडलेल्या सुरूच्या काड्या हातांनी वेचून काढल्या. "फोटोत कचरा नको गो," म्हणाली.

आभाळावर पातळ ढगांचा पापुद्रा होता, त्यामुळे कुठेच सावली नव्हती. सगळा उजेड जणू एकाच मोठ्या दिव्यातून गाळून येत होता. ओहोटीमुळे पाणी लांब गेलेलं. त्या फिकट वाळूवर होडीचा हिरवा असा काही उभा होता की मी कॅमेरा डोळ्याला लावायचंच विसरले. चाची माझ्या मागे उभी होती. आम्ही दोघी तिथे किती वेळ होतो, मला सांगता येणार नाही.

घरी येऊन फोटो उघडला, तर तो हिरवा जसाच्या तसा आला होता, ओला असल्यासारखा. मी खूश झाले आणि त्याच खुशीत एक लहान प्रत करून त्याला पाठवून दिली. थोड्याच वेळात उत्तर आलं: "ताई, हा तर शेवाळासारखा दिसतोय. मेलेला."

चूक माझीच होती. फोटोच्या फाइलमध्ये खरं म्हणजे रंग नसतातच, नुसते आकडे असतात. कुठल्या आकड्याला कुठला रंग समजायचा, हे फाइलसोबत जाणारी प्रोफाइल सांगते. माझा कॅमेरा रंगांसाठी ऐसपैस जागा ठेवणारी मोठी प्रोफाइल वापरतो. घाईत मी तीच ठेवून फोटो पाठवला होता. वाटेत ती प्रोफाइल गळून पडली, आणि त्याच्या फोनने ते आकडे आपल्या नेहमीच्या लहान प्रोफाइलप्रमाणे वाचले. आकडे तेच, पण सगळे रंग विझलेले.

मी फोटो फोनला समजणाऱ्या प्रोफाइलमध्ये बदलून पुन्हा पाठवला. तो म्हणाला, बरा आहे, पण पिवळट आहे. मी निळ्याकडे सरकवला. तो म्हणाला, अजून पिवळट. असं चाललं होतं. शेवटी व्हिडिओ कॉलवर त्याने सहज तोच फोटो बायकोच्या फोनवर उघडून बघितला.

"ताई, हिच्या फोनवर तर छान दिसतोय!"

त्याच्या फोनवर डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून पिवळा पडदा घालायची सोय चालू राहिली होती. कधी चालू केली तेही त्याला आठवेना. "म्हणजे इतके महिने मी सगळं पिवळंच बघतोय?" असं म्हणून तो हसायला लागला, मागून त्याची बायको हसली, मीही हसले.

मग त्याने पडदा काढला आणि पुन्हा नीट बघितलं. "आता जवळ आलाय," म्हणाला. "पण हा नव्हे. आमच्या होडीच्या हिरव्यात निळं होतं. जेटीवरून खाली वाकून बघितलं की पाणी दिसतं ना, तसं."

मला वाटलं, फोनच्या प्रोफाइलचा हा दोष असणार. असे समुद्री हिरवे तिच्यात मावत नाहीत, काठाला येऊन थांबतात आणि चपटे होतात. तेव्हा मोठी फाइल पूर्ण रंगांसकट पाठवायची आणि तिकडच्या चांगल्या लॅबमध्ये छापून घ्यायची, असं ठरवलं. पण छपाईआधी एकदा चाचीला दाखवावं असं मनात आलं. माझ्या मोठ्या स्क्रीनवर तो हिरवा पूर्ण दिसत होता, आणि होडी रोज बघणारं आता तेवढं एकच माणूस उरलं होतं.

चाची एसटीने आली. डब्यात सांदणं घेऊन आली होती, अजून कोमट होती. मी तिला खुर्चीत बसवलं आणि फोटो उघडला. तिने चष्मा पुसला, पुढे झुकली, मागे झाली. बऱ्याच वेळाने मान हलवली.

"हा नाय गो तेंचा हिरवा."

"चाची, होडी तर हीच आहे."

"होडी हीच. रंग नाय. तेंचा हिरवा पोपटी. लावणी झाल्यावर भात कसा दिसतो, तसा."

मुलाला निळ्याकडे जायचं होतं, आईला पिवळ्याकडे. मधे मी, आणि स्क्रीनवर कॅमेऱ्याने अगदी खराखुरा टिपलेला तिसराच हिरवा. पुढचे काही दिवस मी दुसरी कामं बाजूला ठेवून त्या एका रंगात फिरत राहिले. डोळे मिटले तरी पापण्यांच्या आत तो तरंगायचा. संध्याकाळी उठून समुद्राकडे जायचे, तर तिथे रंग नावाची गोष्टच नसायची. पाणी, आभाळ, लांबची बोट, सगळं एकाच राखेचं. मला तेव्हा फार बरं वाटायचं.

शेवटी मी चाचीला फोन केला आणि म्हटलं, होडीच्या रंगाचा एखादा टवका मिळाला तर आणा, मी तो स्क्रीनशेजारी धरून बघते.

तिने टवका रुमालात बांधून आणला. चांगला जाड होता. ट्यूबच्या उजेडात तो वेगळाच रंग दाखवत होता, म्हणून मी खिडकीचा पडदा सारला आणि त्याला दिवसाच्या उजेडात धरलं. आणि तेव्हा माझं लक्ष त्याच्या कडेकडे गेलं. वरचा हिरवा नखाएवढाही जाड नव्हता. त्याच्याखाली निळसर हिरवा, त्याखाली पांढरट, मग पोपटी, मग एक बारीकशी लाल रेघ, मग पुन्हा पोपटी. दर काही सालांनी हंगामाच्या आधी होडीला रंग द्यायचा. आधीचा खरवडून काढायचा कंटाळा, म्हणून त्यावरच पुढचा.

"चाची, हे बघा."

तिने टवका तळहातावर घेतला. खिडकीशी उभी राहून ती तो फिरवत राहिली. मग सगळ्यात खालच्या पोपटीवर बोट ठेवलं. "हा आमचं लगीन झालं तेव्हाचा. मी पयल्यांदा पुळणीवर आले ना, तेव्हा हा वाळत होता. हात लावू नको म्हनाले. मी लावला." ती स्वतःशीच हसली. मग बोट वर सरकलं, निळसर हिरव्यावर. "आनि हा पोरगा परदेशात गेला त्या सालचा. हिरवा कमी पडला, म्हनून तेंनी निळा मिसळला. पोरगाच होता रंगवायला, होडीखाली पाठीवर पडून."

मी खाली बसले. फोनला, प्रोफाइलला, त्याच्या पिवळ्या पडद्याला मी इतके दिवस दोष दिला होता. दोष कुणाचाच नव्हता. ती दोघं एकाच होडीविषयी बोलत होती, फक्त वेगवेगळ्या सालच्या.

आम्ही तिथूनच मुलाला व्हिडिओ कॉल लावला. चाचीने टवका कॅमेऱ्यासमोर धरला आणि त्याच्या अब्बांनी निळा कसा मिसळला ते पुन्हा सांगितलं. तो ऐकत होता.

"अम्मी, ती लाल रेघ कसली?"

"तू झालास त्या सालची. कुणीतरी तेंना सांगितलं, लाल लावला की नजर लागत नाय. एक सालभर होती लाल. मग सगळे हसायचे, म्हनून परत हिरवा लावला."

"आपली होडी लाल होती?"

"होती तर."

स्क्रीनवर त्याचा चेहरा अडकल्यासारखा स्थिर झाला. मला वाटलं नेट गेलं. पण त्याच्या मागचा पंखा फिरत होता.

फोन ठेवल्यावर मी चाचीला विचारलं, "मग आता कुठला रंग ठेवू? फोटोत आहे तो खरा आहे. पण बदलायचा म्हटला तर बदलता येईल."

"पोराला त्याचा दे."

"आणि तुम्हाला?"

"मला माझा दे. होडी थोडीच तक्रार करनार हाय?"

मग मी एकाच फोटोच्या दोन प्रती केल्या. मुलाच्या प्रतीत हिरवा निळ्याकडे वळवला, टवक्याशी जुळेपर्यंत. लॅबला विचारून मोठी प्रोफाइल तशीच ठेवली, फाइल दाबून लहान केली नाही. शंभर एमबीच्या वरची ती फाइल इथून चढवताना दुपार गेली. अर्ध्यावर वीज गेली, पुन्हा पहिल्यापासून. मी खुर्चीत पाय वर घेऊन ती निळी पट्टी मुंगीच्या पावलांनी पुढे सरकताना बघत होते आणि मधेच डोळा लागला. जाग आली तेव्हा फाइल पोचली होती.

चाचीची प्रत मी साध्या, न चमकणाऱ्या कागदावर छापायची ठरवली. त्या कागदाचीही स्वतःची प्रोफाइल असते. छापल्यावर रंग कसा दिसेल ते आधी स्क्रीनवर बघितलं, तर तो कोवळा पोपटी एकदम थकला. कागद स्क्रीनसारखा आतून उजळत नाही. हिरवा वाढवत गेले तर प्लास्टिकसारखा व्हायला लागला. मग मी हिरव्याला हातच लावला नाही. भोवतालची वाळू किंचित करडी केली, आभाळ थोडं मंद केलं. त्यांच्या शेजारी तोच हिरवा परत ताजा दिसू लागला. छापून आलेला फोटो मी चाचीच्या हातात दिला तेव्हा तिने त्यावरून बोट फिरवलं आणि बोटाकडे बघितलं.

तिला तो फोनवरही हवा होता. तिच्या फोनमध्ये जागा म्हणून नव्हती, सकाळच्या फुलांच्या शुभेच्छांनी भरलेला. मी फोटो लहान करत करत एवढासा केला. लाकडाच्या रेषा गेल्या, सुरूची झाडं नुसते ठिपके झाली, पण होडी ओळखू येत होती आणि हिरवी होती. तेवढा फोटो ती मासळी घ्यायला जाताना सगळ्यांना दाखवते, असं मला तिनेच सांगितलं.

होडी मोडली तेव्हा मी गेले नाही. ईदला मुलगा आला आणि त्याने जेवायला बोलावलं. त्याचा भिंतभर फोटो तिकडेच होता, म्हणून त्याने त्या भिंतीचा फोटो काढून आणला होता. त्यात हिरवा पुन्हा वेगळाच झाला होता.

जेवणानंतर मी हात धुवायला मागच्या अंगणात गेले, तर तो तिथे मांडी घालून बसला होता. मांडीवर होडीची एक फळी. ती त्याने शेजाऱ्याकडे राखून ठेवायला सांगितली होती. पॉलिश पेपरच्या तुकड्याने तो ती एकाच जागी हळूहळू घासत होता. वरचा हिरवा गेला होता, निळाही गेला होता. त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर, हातांच्या केसांवर रंगाचा भुगा बसला होता. दाराशी चाची उभी होती.

"हळू रे," ती म्हणाली. "लाल लय पातळ हाय. जोर केलास तर निघून जाईल."

"दिसेल ना पण?"

"दिसेल. घाई नको करूस."

तो वाकून फुंकर मारायचा, बघायचा, पुन्हा घासायचा. मी ओले हात तसेच घेऊन पायरीवर बसले.