ग्लिसरीन वनस्पतीचं आहे

गेल्या रविवारी राजाजीनगरच्या आमच्या घरात, भरल्या ताटावर, माझी अब्रू माझ्याच तोंडाने गेली. लिहायला हात धजत नाही… पण लिहिलं नाही तर वैजूसमोर मान वर करता येणार नाही.

वैजू माझ्या धाकट्या भावाची मुलगी. खानापूरकडच्या आमच्या गावातून नोकरीसाठी इथे शहरात आली आणि आमच्याकडेच राहते. माझी लेक तन्वी आणि ती, दोघी एकाच खोलीत.

इथलं बोअरचं पाणी जड. दाढी केली की माझे गाल मिरची चोळल्यासारखे पेटतात. बाथरूमच्या फळीवर तन्वीची एक क्रीमची ट्यूब असते, नाजूक चेहऱ्याची आग शमवणारी. एकदा थोडीशी लावून बघितली… गाल इतके निवले की दुसऱ्या दिवशीही हात तिकडेच गेला. मग रोजच.

विचारायची लाज वाटली. पन्नाशीला आलेला, गळ्यात तुळशीची माळ असलेला माणूस लेकीकडे तोंडाला लावायची क्रीम कशी मागणार?

पण माळेचा धाक होताच. नको ते काही अंगाला लागू नये म्हणून ट्यूबवरची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचली. माझं इंग्रजी गावच्या शाळेतलं, एकेक शब्द मोबाइलवर शोधत गेलो. पहिलं पाणी; जे जास्त ते आधी लिहितात म्हणे. मग ग्लिसरीन, मग ओट.

'सेटिअरिल अल्कोहोल' वाचून दचकलो. पण ते दारूतलं नव्हे, मेणासारखं असतं, क्रीमला दाटपणा देतं. 'सेंटेला' म्हणजे तर इथे भाजीबाजारात पाल्याची जुडी मिळते तो ओंदेलगा, आमच्याकडे त्याची चटणी होते! वासासाठी काही घातलेलंच नव्हतं, तेही बरं वाटलं.

अडलं ते ग्लिसरीनवर. ते तेलापासूनही काढतात आणि चरबीपासूनही, आणि ट्यूबवर काही तसं लिहिलेलं नव्हतं. शेवटी कंपनीला मेल केला. उत्तर आलं, वनस्पतीचं आहे. मन निवांत झालं… आणि मी निवांतपणे लावत राहिलो.

ट्यूब लवकर संपायला लागली. एका सकाळी मी पूजेला बसलो होतो, तेव्हा खोलीतून तन्वीचा आवाज आला, "वैजू, हवी तर माग ना! न विचारता काय घेतेस?"

मग वैजू म्हणाली, "सॉरी ताई. परत नाही घेणार."

मी घंटा वाजवली. खरंच… काय करावं सुचेना, म्हणून घंटा वाजवली.

त्या दिवसापासून वैजू स्वतःचा साबण, टॉवेल पिशवीत घालून बाथरूमला न्यायची आणि परत खोलीत आणायची. शनिवारी तिने माझ्या बायकोला विचारलं, "काकू, इथे जवळ एखादं पीजी बघू का?" मी पेपर वाचत राहिलो.

रविवारी तन्वीने नवी ट्यूब आणली होती. जेवताना तीच वैजूपुढे ठेवून म्हणाली, "सोड ना राग. दोघी वापरू. फक्त स्वल्प लावायची हं!"

बायकोने ट्यूब उलटसुलट करून पाहिली. "ह्यात चरबीबिरबी नसते ना गं? घरात माळकरी माणूस आहे."

"छे छे," मी भात कालवत म्हणालो, "ग्लिसरीन वनस्पतीचं आहे. मी कंपनीला मेल करून विचारलंय."

तन्वीने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या गालांकडे. "बाबा… तुम्ही?"

वैजूने पटकन पळी उचलली. "काका, आमटी वाढू?"

त्या आमटीने मी मोडलो. "मीच," म्हणालो. "हिने हातसुद्धा लावला नव्हता."

"मग तू सॉरी कशाला म्हणालीस?" तन्वीचा आवाज रडवेला झाला.

वैजू ताटात बघत म्हणाली, "काका पूजेला बसले की समईच्या उजेडात त्यांचे गाल चमकायचे. म्हटलं, जाऊ दे… मोठ्या माणसाला कशाला."

"आणि मी म्हणतेय, देवाचं तेज चढलंय!" बायको म्हणाली. कुणी हसलं नाही.

म्हणजे तिला माहीत होतं. मी सगळं ऐकत होतो, हेही. त्या घंटेचा अर्थ घरात तिला एकटीलाच कळला होता. मी हात जोडले, तर तिने घाईने माझे हात खाली केले. पीजीचं विचारलं तर म्हणाली, "बघते काका."

आता रोज दाढी झाली की मी बाथरूमच्या दारातून हाक मारतो, "पोरींनो, क्रीम घेऊ का?" खोलीतून दोघी ओरडतात, "घ्याऽऽ!" ग्लिसरीन कुठलं ते परक्यांना विचारता आलं मला, एवढंच विचारता येत नव्हतं.

वैजूचा साबण अजून पिशवीतूनच जातो-येतो. तो फळीवर येईपर्यंत घंटा हातात घेताना मला लाज वाटेल… वाटू दे.