शर्टाखालचा पट्टा

सुपरहिरोंचे सिनेमे आता मला बघवत नाहीत. दर दोन-तीन महिन्यांनी एक नवा येतो, पुतणे हट्टाने घेऊन जातात, आणि मध्यंतराच्या आतच माझा डोळा लागलेला असतो. "काका, तुम्ही तर यांचे जुने फॅन ना?" असं ते वर विचारतात. फॅन आहेच मी, शाळेपासूनचा. पण या वेडापायी नव्वदच्या दशकात मी एक मूर्खपणा करून बसलो, आणि तो आठवला की पडद्यावरचं शहर वाचलं काय आणि बुडालं काय, मला त्याचं काही वाटत नाही.

तेव्हा आम्ही घणसोली गावात भाड्याच्या खोलीत राहायचो. नवरा-बायको आणि दोन वर्षांची मुलगी. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये मी माथाडी होतो. वडील थकून साताऱ्याकडे परतले आणि त्यांच्या जागेवर मी टोळीत लागलो. टोळी म्हणजे आम्ही बारा जण, त्या बारांतलाच एक मुकादम. ट्रक लागला की गोणी पाठीवर घ्यायची, गाळ्यात न्यायची, थप्पी लावायची. कमाई सगळ्यांत सारखी वाटली जायची. कुणी जास्त वाहिलं, कुणी कमी वाहिलं, याची चर्चा करणं कमीपणाचं समजलं जाई.

दुपारी घरी आलो की आंघोळ करून मी कॉमिक्स घेऊन पडायचो. गावातल्या रद्दीवाल्याकडे ती भाड्याने मिळत, हिंदीतली, कव्हर फाटलेली, मधलं एखादं पान गायब झालेली. माझा हिरो दिवसा पोस्टात कारकून होता. साहेबाची बोलणी खायचा, मान खाली घालून शिक्के मारायचा, आणि शर्टाच्या आत मात्र हिरवा पोशाख. संकट आलं की डोळ्यांवर मुखवटा चढवून हा आख्खं जहाज उचलणार! घरी-दारी कुणाला पत्ता नाही. मला त्याच्या ताकदीपेक्षा त्याच्या गुपिताचं जास्त आकर्षण होतं. बारा माणसांत दिवसभर खांद्याला खांदा लावून काम करणाऱ्याला स्वतःचं असं काही लपवलेलं असावं, ही चैनच वाटते.

मग मला ती चैन मिळाली. एका सकाळी बटाट्याची गोणी घेऊन वळताना कमरेत अशी कळ गेली की डोळ्यांपुढे अंधार आला. गोणी कशीबशी टाकली आणि हसलो. डॉक्टरने फोटो काढून सांगितलं, मणका सरकलाय, ओझं बंद. ओझं बंद म्हणजे माथाड्याने काय करायचं, ते काही त्याने सांगितलं नाही. कमरेला बांधायला एक जाड पट्टा मात्र दिला. बायको रोज पहाटे तो आवळून बांधायची आणि वरून मी शर्ट घालायचो.

आता सांगायला लाज वाटते, पण पहिले काही दिवस मला त्यात मजा वाटली. वर साधा शर्ट, आत पट्टा, आणि जगाला पत्ता नाही. दुखत होतं, तरी मी मनातल्या मनात त्या पोस्टातल्या कारकुनाला डोळा मारत होतो. तिशीकडे झुकलेल्या, एका पोरीच्या बापाची अक्कल ही!

आमच्या टोळीत एक रीत होती. अमक्याला आता उचलत नाही, असं दुसऱ्याने कधी बोलायचं नाही. ज्याचं त्याने मुकादमाला सांगायचं. त्याने सांगितलं की त्याच्या जागी घरातला बदली माणूस घेता यायचा, आणि त्याच्यासाठी बसल्या कामाची खटपट करता यायची. तो गप्प राहिला तर सगळ्यांनी गप्प राहायचं. माझ्या घरातून बदलीला धाकटा भाऊ होता, पण तो गावी नुकताच कॉलेजात गेलेला. त्याला गोणीखाली आणायचं माझ्या जिवावर आलं होतं. जागा सोडली तर खोली जाणार, मुंबईच जाणार. म्हणून मी तोंड उघडलं नाही.

आठ महिने असे काढले. मी थप्पीपाशी रेंगाळायचो, दाभणाने फाटलेल्या गोण्या शिवायचो, चहा सांगायला जायचो. नाइलाजाने दिवसाकाठी पाच-सहा गोण्या घ्यायचो आणि संध्याकाळी खोलीत पालथा पडून राहायचो. आमच्यात सर्वांत वयस्कर एक मामा होते, साठीला टेकलेले. सगळे त्यांना मामाच म्हणत. माझा नंबर आला की ते हटकून मध्ये घुसायचे. "तू थप्पी बघ रं. तुजी थप्पी सरळ लागती. ह्यो आनतो मी." माझ्या थप्पीचं कौतुक होतंय असं वाटून मी खूश व्हायचो.

त्याच सुमारास माझ्या हिरोवरचा सिनेमा हिंदीत डब होऊन वाशीला लागला. मी टोळीत इतकं गुऱ्हाळ लावलं होतं की एका सुट्टीच्या रविवारी सगळे निघाले. इस्त्रीचे शर्ट, केसांना तेल, बारा माणसांची एक आख्खी रांग. मला भीती होती, की हे लोक माझ्या देवाची टर उडवणार.

आणि उडवलीच. पोस्टातल्या कारकुनाला त्यांनी अगदी गुळगुळीत, जाहिरातीतला तरुण करून टाकलं होतं. माझंच मन खट्टू झालं. पण टोळीचं लक्ष वेगळीकडे होतं. त्याने दोन्ही हात वर ताणून बस उचलली, तर मुकादम ओरडला, "आरं पाठीवर घे की, येड्या! कंबर जाईल!" सगळी रांग हसली. पुढे जहाज उचललं, तर मामा गंभीरपणे म्हणाले, "एकटाच उचलतोय व्हय मगाधरनं? टोळी कुटं हाय ह्याची?"

मग तो प्रसंग आला. हिरो रोजच्या कपड्यांत पोस्टात परत येतो, बरगडीला मार लागलेला, चालताना किंचित वाकतो, आणि कुणाच्या काही लक्षात येत नाही. मामा जरा मोठ्यानेच बोलले, "ही मानसं काय आंधळी हायत? शेजारी बसून काम करत्यात आन् कळत न्हाई? आपल्यात असता तर पयल्या दिवशी कळलं आसतं."

या वेळी कुणी हसलं नाही. आख्ख्या रांगेत एकानेही माझ्याकडे पाहिलं नाही. अकरा माणसं पडद्याकडे नको इतकी टक लावून बसली, आणि तेवढ्यावरून मला सगळं समजलं. आठ महिने यांना माहीत होतं. माझी थप्पी सरळ लागत नव्हती, माझं ओझं ते आपसात वाटून घेत होते. मला आधी राग आला, खरं सांगतो. मला मूर्ख बनवलं असं वाटलं. शरम नंतर आली, ती अजून गेलेली नाही. सिनेमा कसा संपला ते मला आजही सांगता येणार नाही.

सोमवारी पहिला ट्रक लागला. ट्रकला चढायची फळी लावली, मामा गोणीखाली शिरायला वाकले, आणि मी सगळ्यांसमोर मुकादमाला म्हणालो, "मला उचलत नाही. मार्चपासून."

कुणी आश्चर्याचा आव आणला नाही. मुकादमाने "बरं" म्हटलं. "भावाला कागद टाक. तवर बसून घे." एवढंच. माणसं फळीवर चढू लागली.

मी रिकाम्या गोण्यांवर बसलो. पाठोपाठ मामा आले आणि गुडघ्यांवर हात टेकत माझ्या शेजारी बसले. बसायलाही त्यांना वेळ लागला. मला वाटलं, समजूत काढायला आलेत.

"मामा, तुम्ही जा. ट्रक लागलाय."

"मी बी सांगून आलो मुकादमाला," ते म्हणाले. "माजं तर तुज्या बी आधी, गेल्या सालच्या दिवाळीलाच संपलं हुतं."

मला काही सुधरेना. "मग माझ्या गोण्या कशाला घेत होता?"

"दोघं एकदम बसलो आसतो तर धाजनांनी कसं रेटायचं? आन् तू बोलंना. तुजं पोरगं ल्हान. म्हनलं, ह्यो बोलू दे आधी, ह्याची बदली लागू दे, मग आपुन बसू. आता तेवढं बी थांबवंना." त्यांनी तंबाखूची डबी काढली. झाकण त्यांच्याने उघडेना. शेवटी मी उघडून दिली. "लई येळ लावलास रं," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता.